जॅक्सनचा कार्यक्रम, शिव उद्योग सेना आणि पंचवीस वर्षे रेंगाळलेला करमणूक कर

संदर्भ

वाशीम (प्रतिनिधी) : एखाद्या लोकप्रिय कलावंताने राजकीय पक्षाच्या अथवा पक्षाशी संलग्न संघटनेच्या उपक्रमासाठी मदतनिधीचा कार्यक्रम केला, की त्यापाठोपाठ एक प्रश्न हमखास उपस्थित होतो. अशा कार्यक्रमास शासनाने करमाफी द्यावी काय? महाराष्ट्रात या प्रश्नाचा सर्वांत गाजलेला दाखला म्हणजे १ नोव्हेंबर १९९६ रोजी मुंबईत झालेला अमेरिकी पॉप गायक मायकल जॅक्सन याचा कार्यक्रम. कार्यक्रम एका रात्रीत संपला. त्याच्या करमणूक कराचे प्रकरण मात्र जानेवारी २०२१ पर्यंत, म्हणजे जवळजवळ पाव शतक चालले. या काळात राज्यात अनेक मुख्यमंत्री झाले, कार्यक्रमाचा पुढाकार घेणारा नेता मूळ पक्षातून बाहेर पडला, खुद्द जॅक्सनचे निधन झाले आणि ज्या कराबद्दल वाद होता तो करही इतिहासजमा झाला.

वाशीम जिल्ह्यातील वाचकांना हे प्रकरण केवळ मुंबईचे वाटण्याचा संभव आहे. परंतु तसे ते नाही. कार्यक्रमाचा घोषित उद्देश राज्यातील बेरोजगार तरुणांना रोजगार मिळवून देणे हा होता आणि ज्या करावर पाणी सोडण्यात आले तो राज्याच्या तिजोरीचा होता. त्या वेळी वाशीम अकोला जिल्ह्याचाच भाग होता. स्वतंत्र वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अस्तित्वात आला. बेरोजगारी व शेतीचे अरिष्ट हे या भागाचे तेव्हाचेही दुखणे होते आणि आजही आहे. त्यामुळे या प्रकरणाचा साद्यंत आढावा उपयुक्त ठरावा.

कार्यक्रमाची पार्श्वभूमी

राज्यात मार्च १९९५ मध्ये शिवसेना-भाजप युतीचे शासन सत्तेवर आले. मनोहर जोशी मुख्यमंत्री, तर गोपीनाथ मुंडे उपमुख्यमंत्री होते. युतीच्या प्रचारात रोजगाराच्या आश्वासनाला मोठे स्थान होते. याच काळात शिवसेनेतील तरुण नेते राज ठाकरे यांच्या पुढाकाराने शिव उद्योग सेना ही संघटना पुढे आली. बेरोजगार तरुणांना रोजगार व स्वयंरोजगाराच्या वाटेवर आणणे, हे तिचे घोषित उद्दिष्ट होते. त्यासाठी निधी उभारण्याचा मार्ग म्हणून जॅक्सनच्या कार्यक्रमाची कल्पना मांडण्यात आली.

जॅक्सन तेव्हा ‘हिस्टरी’ या नावाच्या जागतिक दौऱ्यावर होता. दौऱ्याचा प्रारंभ ७ सप्टेंबर १९९६ रोजी प्राग येथे झाला होता. भारतातील कार्यक्रमाची व्यवस्था विझक्राफ्ट या कार्यक्रम संयोजन करणाऱ्या संस्थेकडे होती आणि स्थळ होते अंधेरीतील शहाजीराजे भोसले क्रीडा संकुल. मुंबई विमानतळावर अभिनेत्री सोनाली बेंद्रे हिने नऊवारी नेसून, मराठमोळ्या पद्धतीने त्याचे स्वागत केले. शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांच्या ‘मातोश्री’ या निवासस्थानी त्याने दिलेल्या भेटीला वृत्तपत्रांतून अमाप प्रसिद्धी मिळाली.

टीकाही तितकीच झाली. पाश्चात्त्य संस्कृतीच्या आक्रमणाविरुद्ध बोलणाऱ्या पक्षाने पाश्चात्त्य पॉप संगीताच्या सर्वांत मोठ्या ताऱ्यासाठी पायघड्या घालाव्यात, यातील विसंगती विरोधकांनी दाखवून दिली. त्याच महिन्यात बंगळूर येथे झालेल्या विश्वसुंदरी स्पर्धेला संस्कृतिरक्षणाच्या नावाने देशभर विरोध झाला होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्या टीकेची धार समजते. तथापि संस्कृतीचा हा वाद कालौघात विरला. टिकून राहिला तो कराचा वाद. कारण तो आवडीनिवडीचा नव्हता, कायद्याचा होता.

कायद्याची चौकट

राज्यात करमणुकीच्या कार्यक्रमांवर ‘मुंबई करमणूक शुल्क अधिनियम, १९२३’ या कायद्यान्वये कर आकारला जात असे. चित्रपटगृह, सर्कस, वाद्यवृंद, पुढे केबल जोडण्या, असा त्याचा आवाका होता. प्रेक्षकाने तिकिटासाठी मोजलेल्या रकमेतच हा कर अंतर्भूत असे. संयोजकाने तो प्रेक्षकांकडून गोळा करून शासनाकडे भरावयाचा, अशी पद्धत होती. जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हाधिकारी कार्यालयातील करमणूक कर शाखा हे काम पाहत असे.

या कायद्याच्या सहाव्या कलमात सवलतीच्या तरतुदी होत्या. त्यांचे ढोबळमानाने तीन प्रकार सांगता येतात. पहिला प्रकार असा, की कार्यक्रमाचे सर्वच्या सर्व उत्पन्न, त्यातून खर्चाची एक पैही न वजा करता, परोपकारी, धार्मिक अथवा धर्मादाय कार्यासाठी दिले जाणार असेल तर कर लागत नसे. दुसऱ्या प्रकारात खर्च ठराविक मर्यादेत ठेवून उरलेली सर्व निव्वळ रक्कम अशा कार्याला दिली, तर भरलेला कर परत मिळण्याची सोय होती. तिसऱ्या प्रकारात शासनाला सामान्य अथवा विशेष आदेशाद्वारे एखाद्या कार्यक्रमास किंवा कार्यक्रमांच्या वर्गास सूट देण्याचा अधिकार होता.

यातील पहिल्या दोन प्रकारांत हिशेब निर्णायक ठरतो. किती जमले, किती खर्च झाले आणि किती पोहोचले, हे दाखविल्याशिवाय सवलत मिळत नाही. तिसरा प्रकार शासनाच्या विवेकावर सोपविलेला असतो. परंतु विवेकाधिकार म्हणजे मनमानी नव्हे. सूट कोणत्या सार्वजनिक हितासाठी दिली, कोणत्या बाबी तपासल्या, हे आदेशाच्या कागदांतून दिसले पाहिजे, हे प्रशासकीय कायद्याचे प्रस्थापित तत्त्व आहे. जॅक्सन प्रकरणाचा सारा भर याच तत्त्वावर राहिला.

उच्च न्यायालयातील याचिका

युती शासनाने कार्यक्रमास करमणूक करातून सूट दिली. सुटीची रक्कम सव्वातीन कोटी रुपयांहून अधिक होती. त्या काळच्या मानाने ही रक्कम लहान नव्हती. ग्राहक चळवळीतील जुनी व नामांकित संस्था असलेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने या निर्णयाला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. महागडी तिकिटे काढून येणाऱ्या प्रेक्षकांच्या व्यावसायिक कार्यक्रमासाठी सार्वजनिक महसुलावर पाणी का सोडावे, हा या विरोधाचा गाभा होता.

कार्यक्रम थांबला नाही. तो ठरल्याप्रमाणे पार पडला. याचिका मात्र प्रलंबित राहिली. कराइतकी रक्कम वादाचा निकाल लागेपर्यंत जमा राहिली. त्यामुळे एका बाजूला संयोजकांचे पैसे अडकून पडले आणि दुसऱ्या बाजूला शासनालाही ती रक्कम आपली म्हणता येईना.

याचिकेचा निकाल २०११ मध्ये लागला. सूट देताना शासनाने सर्व बाबींचा पुरेसा विचार केला नाही, असे सांगून उच्च न्यायालयाने करमाफीचा आदेश रद्दबातल ठरविला आणि प्रकरण फेरनिर्णयासाठी शासनाकडे परत पाठविले. येथे एक बाब ध्यानात घेण्यासारखी आहे. अशी सूट कधीच देता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले नाही. दिलेली सूट ज्या पद्धतीने दिली, ती पद्धत न्यायालयाला मान्य झाली नाही. म्हणूनच निर्णयाचा चेंडू पुन्हा शासनाच्याच अंगणात आला.

मंत्रिमंडळाचा निर्णय

फेरनिर्णय होण्यास आणखी सुमारे दहा वर्षे लागली. या अवधीत काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडी आणि भाजप-शिवसेना युती अशी दोन्ही बाजूंची सरकारे येऊन गेली. अखेर जानेवारी २०२१ मध्ये महाविकास आघाडीच्या मंत्रिमंडळाने या कार्यक्रमाचा करमणूक कर माफ करण्यास मंजुरी दिली व जमा रक्कम संयोजक संस्थेला परत मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. तेव्हा मुख्यमंत्री होते उद्धव ठाकरे. १९९६ मध्ये ज्या पक्षाच्या संघटनेसाठी कार्यक्रम झाला, त्याच पक्षाचा मुख्यमंत्री असताना ही माफी मिळाली. या योगायोगावर तेव्हा टीका झाली. दुसरीकडे, शासनाने एकदा लेखी दिलेली सूट संयोजकांनी प्रमाण मानली होती. तिची किंमत त्यांनी पंचवीस वर्षे का मोजावी, असाही युक्तिवाद करता येतो. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. मूळ आदेश कारणमीमांसेसह दिला गेला असता, तर दोघांनाही तक्रारीस जागा उरली नसती.

दरम्यानच्या काळात पात्रेही बदलली होती. राज ठाकरे यांनी २००५ च्या अखेरीस शिवसेना सोडली व मार्च २००६ मध्ये महाराष्ट्र नवनिर्माण सेनेची स्थापना केली. जॅक्सनचे २५ जून २००९ रोजी लॉस एंजलिस येथे निधन झाले. शिव उद्योग सेनेचे नाव लोकांच्या स्मरणात राहिले, ते प्रामुख्याने या एका कार्यक्रमामुळे. ज्या रोजगारासाठी हा खटाटोप झाला, त्याची चर्चा मात्र कराच्या चर्चेत कोठल्या कोठे हरवून गेली.

मराठी परंपरा : मानापमान ते कृतज्ञता निधी

कलावंताने राजकीय अथवा सामाजिक कार्यासाठी आपली लोकप्रियता पणाला लावणे, ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. तिचा सर्वांत झळाळता नमुना ८ जुलै १९२१ चा आहे. लोकमान्य टिळकांच्या निधनानंतर काँग्रेसने टिळक स्वराज्य फंडासाठी एक कोटी रुपये उभारण्याचा संकल्प सोडला होता. त्या फंडाच्या मदतीसाठी बालगंधर्वांची गंधर्व नाटक मंडळी आणि केशवराव भोसले यांची ललितकलादर्श या दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांनी मुंबईत खाडिलकरांच्या ‘संगीत मानापमान’चा संयुक्त प्रयोग केला. बालगंधर्वांची भामिनी व केशवरावांचा धैर्यधर पाहण्यासाठी रसिकांची झुंबड उडाली. त्या काळी अशक्य वाटावेत असे चढे दर मोजून प्रेक्षकांनी तिकिटे घेतली. दुर्दैवाने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केशवरावांचे निधन झाले आणि तो प्रयोग आख्यायिका बनून राहिला.

पुढील काळात शाहिरांनी हे कार्य रस्त्यावर नेले. आंबेडकरी जलशांनी गावोगावी सामाजिक समतेचा विचार पोहोचविला. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने कामगार चळवळीला व नंतर संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याला आवाज दिला. येथे तिकीट नव्हते, संयोजक संस्था नव्हती. डफ-तुणतुणे आणि श्रोत्यांची झोळीत पडणारी नाणी, एवढाच व्यवहार होता.

ऐंशीच्या दशकात डॉ. श्रीराम लागू, निळू फुले आदी कलावंतांनी आचार्य अत्रे यांच्या ‘लग्नाची बेडी’ या नाटकाचे प्रयोग राज्यभर केले व त्यातून सामाजिक कृतज्ञता निधी उभा राहिला. पूर्णवेळ काम करणाऱ्या सामाजिक कार्यकर्त्यांना मानधन देणे, हा त्या निधीचा हेतू होता. पैसा कोणासाठी जमविला व कोणाला दिला जातो, हे येथे प्रेक्षकाला तिकीट घेतानाच ठाऊक होते. त्यामुळेच हा निधी दीर्घकाळ विश्वासास पात्र राहिला.

जगातील अनुभव

मदतनिधीचे कार्यक्रम आणि कर यांची गाठ केवळ महाराष्ट्रातच पडलेली नाही. पंडित रविशंकर यांच्या विनंतीवरून जॉर्ज हॅरिसन याने १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशच्या निर्वासितांसाठी कार्यक्रम केला. आधुनिक मदतनिधी कार्यक्रमांचा तो मूळपुरुष मानला जातो. तिकिटांतून जमलेले सुमारे २ लाख ४३ हजार डॉलर युनिसेफला मिळाले. परंतु ध्वनिमुद्रिका व चित्रपटाच्या उत्पन्नाचा मोठा भाग अमेरिकी करखात्यामुळे वर्षानुवर्षे अडकून पडला; कारण धर्मादाय संस्थेच्या नावे कार्यक्रमाची नोंद आगाऊ करण्यात आली नव्हती. निर्वासितांची गरज तातडीची होती. कागदपत्रांतील त्रुटीने ती तातडी गिळून टाकली.

इथिओपियातील दुष्काळासाठी १९८४ मध्ये ब्रिटनमधील गायकांनी काढलेल्या ध्वनिमुद्रिकेवरील मूल्यवर्धित कर माफ करण्यास मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने आरंभी नकार दिला होता. लोकमताचा रेटा वाढल्यावर सरकारने कराइतकी रक्कम मदतनिधीला देऊ केली. कर माफ करण्याऐवजी तो वसूल करून तितकेच अनुदान द्यावयाचे, हा मार्ग हिशेबाच्या दृष्टीने अधिक स्वच्छ ठरतो. शासनाने किती दिले, हे त्यात उघड दिसते. पुढील वर्षी, १३ जुलै १९८५ रोजी लंडन व फिलाडेल्फिया येथे ‘लाइव्ह एड’ हा महाकार्यक्रम झाला. निव्वळ राजकीय हेतूचे उदाहरण हवे असल्यास ११ जून १९८८ रोजी लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर नेल्सन मंडेला यांच्या सत्तराव्या वाढदिवसानिमित्त झालेल्या कार्यक्रमाचे देता येईल. त्या वेळी मंडेला तुरुंगात होते.

या दाखल्यांत आणि मुंबईच्या कार्यक्रमात एक मूलभूत फरक आहे. तेथे लाभ निर्वासितांना, दुष्काळग्रस्तांना किंवा एका जागतिक चळवळीला व्हावयाचा होता. मुंबईत लाभार्थी संघटना सत्तारूढ पक्षाशी संलग्न होती आणि करमाफी देणारे शासनही त्याच पक्षाच्या नेतृत्वाखालील होते. देणारा आणि घेणारा एकाच घरचा असला, की निर्णय योग्य असूनही संशयास जागा राहते. म्हणूनच अशा प्रसंगी कारणमीमांसा अधिक काटेकोर असावी लागते.

आजची स्थिती

देशात १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला आणि राज्याचा करमणूक कर त्यात विलीन झाला. संगीत, नृत्य व नाट्य कार्यक्रमांच्या ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटास या करातून सूट आहे. त्याहून महाग तिकिटांवर कर लागतो. घटनादुरुस्तीनंतर करमणुकीवर कर बसविण्याचा विषय राज्यांच्या सूचीत केवळ पंचायती, नगरपालिका अशा स्थानिक संस्थांनी आकारावयाच्या करापुरता उरला. त्यामुळे १९९६ प्रमाणे राज्य मंत्रिमंडळाने एखाद्या कार्यक्रमाचा करमणूक कर एका आदेशाने माफ करण्याचा प्रसंग आता पूर्वीच्या स्वरूपात उद्भवणार नाही. मात्र मैदानाचे भाडे, पोलीस बंदोबस्त, शासकीय जागेचा वापर या रूपाने सार्वजनिक पैसा अशा कार्यक्रमांत आजही गुंतलेला असतो.

हिशेबाची जबाबदारी दोन वेगळ्या कायद्यांत विभागलेली आहे, हेही समजून घेतले पाहिजे. राजकीय पक्षाला २० हजार रुपयांहून अधिक रकमेच्या देणग्यांचा तपशील निवडणूक आयोगाला द्यावा लागतो. सार्वजनिक न्यासाला आपले हिशेब लेखापरीक्षकाकडून तपासून धर्मादाय आयुक्तांच्या यंत्रणेकडे सादर करावे लागतात. पक्षाशी संलग्न संघटना मात्र अनेकदा या दोन्हींच्या मधोमध उभी असते. ती पक्ष नव्हे आणि न्यास म्हणून तिची नोंदणी झाली आहे की नाही, हे तिकीट घेणाऱ्यास ठाऊक नसते.

जिल्ह्यातील वाचकांसाठी

जिल्ह्यात पोहरादेवीच्या रामनवमी यात्रेपासून मंगरुळपीरच्या उरुसापर्यंत आणि गावोगावच्या गणेशोत्सवांपर्यंत करमणुकीचे कार्यक्रम होत असतात. निवडणुका जवळ आल्या, की ‘मदतीसाठी’ म्हणून वाद्यवृंद, कव्वाली व कीर्तनाचे कार्यक्रम वाढतात. वाशीम हा २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमधील शेतकरी आत्महत्याग्रस्त सहा जिल्ह्यांपैकी एक आहे आणि २०१८ मध्ये नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीतही त्याचा समावेश झाला. येथे शेतकरी कुटुंबांच्या नावाने मदत मागितली, तर सामान्य माणूस खिशात हात घालतोच. या सद्भावनेचा मान राखला जावा यासाठी तिकीट अथवा पावती घेण्यापूर्वी पुढील बाबी विचाराव्यात :

१. निधी कोणाच्या नावे जमा होणार? न्यास, संस्था, पक्ष की व्यक्ती? संस्था असल्यास तिचा नोंदणी क्रमांक पावतीवर आहे काय?

२. तिकिटाच्या पूर्ण रकमेचा निधी होणार, की खर्च वजा जाता उरलेल्या रकमेचा? ‘उत्पन्न’ आणि ‘निव्वळ उत्पन्न’ या दोन शब्दांत मोठे अंतर आहे. समजा, पाच लाख रुपये जमले आणि कलावंताचे मानधन, मांडव, ध्वनिव्यवस्था व जाहिरात यांवर साडेचार लाख खर्च झाले, तर गरजूंच्या हाती पन्नास हजारच पडतात.

३. कलावंत मानधन घेणार आहे काय? घेण्यात गैर काही नाही. परंतु ते लपविण्याचेही कारण नाही.

४. लाभार्थी कोण, हे आधी ठरले आहे काय? ‘समाजकार्यासाठी’ हा शब्द पुरेसा नाही.

५. कार्यक्रमानंतर किती दिवसांत हिशेब जाहीर होणार आणि कोठे? ग्रामपंचायतीच्या फलकावर जमाखर्चाचा एक कागद लावणे कोणत्याही मंडळास अवघड नसते.

घटनाक्रम

मार्च १९९५ : राज्यात शिवसेना-भाजप युतीचे शासन.

१ नोव्हेंबर १९९६ : अंधेरी येथे मायकल जॅक्सनचा कार्यक्रम. शासनाकडून करमणूक करात सूट. मुंबई ग्राहक पंचायतीचे उच्च न्यायालयात आव्हान.

१ जुलै १९९८ : अकोल्यातून वेगळा होऊन वाशीम जिल्हा अस्तित्वात.

२५ जून २००९ : जॅक्सनचे निधन.

२०११ : सुटीचा आदेश उच्च न्यायालयाकडून रद्द, फेरनिर्णयाचे निर्देश.

१ जुलै २०१७ : वस्तू व सेवा कर लागू, राज्याचा करमणूक कर विलीन.

जानेवारी २०२१ : राज्य मंत्रिमंडळाची करमाफीस मंजुरी.

जॅक्सनच्या कार्यक्रमाचे कवित्व पंचवीस वर्षे चालले, त्याला कलावंत जबाबदार नव्हता आणि प्रेक्षकही नव्हते. सूट का दिली, याचे कागदोपत्री उत्तर वेळीच तयार नव्हते, एवढेच त्याचे कारण. १९२१ च्या ‘संयुक्त मानापमान’साठी शंभर वर्षांपूर्वीच्या रसिकांनी चढ्या दराने तिकिटे घेतली, कारण फंड कोणाचा व कशासाठी, याविषयी त्यांच्या मनात किंतु नव्हता. मदतीच्या कार्यक्रमाला गर्दी जमविण्याचे काम कलावंत करतो. जमलेल्या पैशाचा हिशेब देण्याचे काम मात्र संयोजकांचे, आणि तो मागण्याचे काम तिकीट घेणाऱ्याचे आहे.